एक केबल घासली आणि सगळी शेड अंधारात: ब्रेकरची कॅटेगरी आणि सिलेक्टिव्हिटी जुळवताना

पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका शेडमध्ये मी मेंटेनन्सला लागलो, त्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळीत फर्नेसच्या १२५ अँपिअर फीडरची (पॅनेलमधून फर्नेसकडे जाणाऱ्या वीजवाटेची) केबल ट्रेच्या धारेवर घासून बॉडीला टेकली. पडायला हवा होता त्या फीडरचा एमसीसीबी, म्हणजे मधल्या आकाराचा ब्रेकर. तो जागचा हलला नाही. पडला थेट मेन एसीबी, म्हणजे सगळ्या शेडचा मोठा ब्रेकर, १००० अँपिअरचा. फर्नेसमधला माल गेला, दोन सीएनसीवर जॉब अर्धवट राहिले, कॉम्प्रेसर बंद. सकाळी जो तो सांगत होता, "मेन छोटा पडतोय, मोठा टाका." मेन मोठा करून काहीच झालं नसतं. हे कळायला मला बरेच महिने लागले. तुम्ही नुकतेच या कामात आला असाल, तर ते महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

सिलेक्टिव्हिटी म्हणजे फॉल्टच्या (वायरिंगमधल्या बिघाडाच्या) लगेच वरचा, म्हणजे मेनच्या बाजूचा, ब्रेकर पडावा आणि त्याच्या वरचे सगळे उभे राहावेत. जुनी माणसं याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात, कन्सल्टंट को-ऑर्डिनेशन म्हणतात. वर मोठ्या अँपिअरचा आणि खाली छोट्या अँपिअरचा ब्रेकर लावला की हे आपोआप जमतं, असं बहुतेकांना वाटतं. ओव्हरलोडपुरतं ते बरंचसं खरं आहे. शॉर्ट सर्किटमध्ये मात्र करंट दोन्ही ब्रेकरच्या मॅग्नेटिक सेटिंगच्या (ब्रेकर झटक्यात पडतो त्या करंटच्या) कितीतरी वर जातो. तिथे अँपिअरचा आकडा कामाला येत नाही. कोण किती वेळ थांबतो आणि कोण किती लवकर तोडतो, यावर सगळं ठरतं.

१. आधी हे गोळा करा

- सिंगल लाईन डायग्राम. जुना असेल तर पॅनेलपाशी उभं राहून स्वतः दुरुस्त करा. आमच्या डायग्राममध्ये दोन फीडर नव्हतेच.
- ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचा फोटो: केव्हीए, व्होल्टेज आणि टक्केवारीतला इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा).
- डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) नेमप्लेटचा फोटो.
- केबलची यादी: साइज, तांबं की अॅल्युमिनियम, पीव्हीसी की एक्सएलपीई, लांबी. लांबी अंदाजे चालेल, पण पावलं मोजून घ्या.
- प्रत्येक ब्रेकरच्या नेमप्लेटचा आणि त्याच्या डायलचा फोटो. डायल ज्या जागी आहेत तसेच टिपा, हात लावू नका.
- त्या कंपनीचा कॅटलॉग, ट्रिपिंग कर्व्ह (किती करंटला ब्रेकर किती वेळात पडतो त्याचा आलेख) आणि सिलेक्टिव्हिटी टेबल. हे टेबल कंपन्या फुकट देतात.
- क्लॅम्प मीटर, लूप इम्पिडन्स टेस्टर (अर्थच्या वाटेचा अडथळा मोजणारा), आणि लॉग-लॉग ग्राफ पेपर. मी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून आणला होता. कंपन्यांची सॉफ्टवेअर आहेत आणि चांगली आहेत, पण पहिली शिडी, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या ब्रेकरच्या सेटिंगची मांडणी, हाताने काढा. डोक्यात बसते.

पॅनेल उघडणं आणि सेटिंग बदलणं ही परवानाधारक सुपरवायझरच्या देखरेखीखाली, वीज बंद करून करायची कामं आहेत. आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून मी सगळी कामं गुरुवारीच लावत असे. एचटी (हाय टेन्शन) बाजूच्या रिलेला कुणालाही न विचारता हात लावू नका. तिथलं सेटिंग महावितरणच्या वरच्या संरक्षणाशी जुळलेलं असतं.

२. तीन थर ओळखा

सगळ्यांत खाली एमसीबी, घरातही असते तीच. तिच्यावर बी, सी किंवा डी असं अक्षर आणि पुढे अँपिअर लिहिलेले असतात. बी ३ ते ५ पट करंटला झटक्यात पडते, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. सी ३२ ची एमसीबी १६० अँपिअरपर्यंत झटक्यात पडत नाही आणि ३२० च्या वर हमखास पडते. मधल्या पट्ट्यात ती कधी पडेल आणि कधी नाही, यावर विसंबायचं नाही.

मधे एमसीसीबी. छोट्यांमध्ये थर्मल-मॅग्नेटिक (ओव्हरलोडला तापून, शॉर्टला चुंबकाने पडणारं), मोठ्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिट. वर एसीबी, त्यात एल, एस, आय आणि जी असे चार भाग. एल म्हणजे ओव्हरलोड. एस म्हणजे थोडं थांबून तोडायचं शॉर्ट सर्किट. आय म्हणजे न थांबता तोडायचं. जी म्हणजे अर्थ फॉल्ट.

घरगुती एमसीबीचं मानक आयएस/आयईसी ६०८९८-१, आणि एमसीसीबी-एसीबीचं आयएस/आयईसी ६०९४७-२. कॅटलॉग वाचताना आकडा कोणत्या मानकाखालचा आहे ते बघा. एकाच एमसीबीला दोन मानकांखाली दोन वेगळ्या ब्रेकिंग कपॅसिटी (फॉल्ट तोडण्याची ताकद) दिलेल्या असतात.

३. कॅटेगरी ए आणि बी: गैरसमज इथे सगळ्यांत जास्त

६०९४७-२ मानकाप्रमाणे नेमप्लेटवर कॅटेगरी ए किंवा बी छापलेली असते. ए म्हणजे शॉर्ट सर्किटमध्ये मुद्दाम थांबण्यासाठी न बनवलेला ब्रेकर. फॉल्ट दिसला की तोडतो. बी म्हणजे ठरवून थोडा वेळ, समजा ०.१ किंवा ०.३ सेकंद, बंद अवस्थेतच फॉल्ट करंट अंगावर झेलू शकणारा. या झेलण्याच्या ताकदीला आयसीडब्ल्यू म्हणतात, आणि ती किती सेकंदांसाठी आहे तेही शेजारी लिहिलेलं असतं.

तीन आकडे एकमेकांत मिसळू देऊ नका. आयसीयू म्हणजे ब्रेकर जास्तीत जास्त किती करंट तोडू शकतो. त्यानंतर तो पुन्हा वापरण्याजोगा राहीलच असं नाही. आयसीएस म्हणजे किती करंट तोडून पुन्हा कामाला लागतो, आणि हा आयसीयूच्या टक्केवारीत देतात. आयसीडब्ल्यू म्हणजे न तोडता किती सोसतो.

पहिला गैरसमज: कॅटेगरी ए असेल तर सिलेक्टिव्हिटी नाहीच. तसं नाही. वरचा २५० चा कॅटेगरी ए एमसीसीबी आणि खालची ३२ ची एमसीबी घ्या. फॉल्टमध्ये एमसीबी इतक्या चटकन तोडते की तिच्यातून जाणारी ऊर्जा वरच्या ब्रेकरचं ट्रिप हलवायला पुरत नाही. याला ऊर्जेवरची सिलेक्टिव्हिटी म्हणतात. ती कर्व्हवर दिसत नाही, कंपनीने चाचणी घेऊन छापलेल्या टेबलातच दिसते.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: कॅटेगरी बी आहे, म्हणजे वेळ दिला की झालं. मानकात कॅटेगरी बीसाठी आयसीडब्ल्यूची किमान मर्यादा अशी आहे: २५०० अँपिअरपर्यंतच्या ब्रेकरला स्वतःच्या रेटिंगच्या १२ पट किंवा ५ किलोअँपिअर, यातलं जे जास्त असेल ते. त्यावरच्या ब्रेकरला ३० किलोअँपिअर. आता ६३० चा कॅटेगरी बी एमसीसीबी घ्या. किमान हिशोबाने त्याची सोसण्याची ताकद ७.५६ किलोअँपिअर. आयसीयू मात्र ५० असू शकते. मग १२ किलोअँपिअरचा फॉल्ट आला तर? आत बसवलेलं तात्काळ ट्रिप स्वतःला वाचवण्यासाठी लगेच तोडतं. तुम्ही डायलवर ०.३ सेकंद लावलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून एमसीसीबीवर 'कॅटेगरी बी' वाचलं की लगेच आयसीडब्ल्यू शोधा. एसीबीमध्ये ही ताकद बहुधा ५० किलोअँपिअर किंवा जास्त असते, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

४. फॉल्ट करंट काढा

हे गणित टाळू नका. याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

आमचा ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीए, ४३३ व्होल्ट, इम्पिडन्स ५ टक्के. फुल लोड करंट म्हणजे ६,३०,००० भागिले (१.७३२ गुणिले ४३३), साधारण ८४० अँपिअर. त्याला ०.०५ ने भागा: १६.८ किलोअँपिअर. मेन बसबारवर (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्यांवर) हाच जास्तीत जास्त फॉल्ट धरायचा. मोठ्या मोटरी जास्त असतील तर त्यांची भर थोडा वेळ पडते, म्हणून थोडी मोकळीक ठेवा.

केबल पुढे गेली की फॉल्ट उतरत जातो. मेन पॅनेलपासून ४० मीटरवर, ९५ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियम केबलने जोडलेल्या डीबीवर (डिस्ट्रिब्युशन बोर्डवर) आमचा हिशोब साधारण १०.७ किलोअँपिअर आला. तिथून ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरने आणखी २० मीटरवर असलेल्या मशीनपाशी उरले सुमारे ३ किलोअँपिअर. या दोन आकड्यांतलं अंतर लक्षात ठेवा. फॉल्ट बहुतेक वेळा मशीनपाशी, मोटरच्या टर्मिनलवर होतो. तिथपर्यंतची सिलेक्टिव्हिटी जमली तर बरंच काम झालं.

याच हिशोबात आमची एक चूकही सापडली. डीबीतल्या सगळ्या एमसीबी १० किलोअँपिअरच्या होत्या आणि डीबीवर फॉल्ट १०.७ चा. अशा वेळी एक तर जास्त ताकदीच्या एमसीबी घ्या, नाहीतर वरच्या एमसीसीबीबरोबर बॅकअप जोडी कंपनीच्या टेबलात दिली आहे का ते बघा. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिक बाजारात दुकानदार अँपिअर विचारतो, किलोअँपिअर विचारत नाही. ते तुम्हीच सांगायचं.

५. टेबल वाचताना

कॅटलॉगच्या शेवटी दोन प्रकारची टेबलं शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सारखीच. एक सिलेक्टिव्हिटीचं, दुसरं बॅकअप किंवा कॅस्केडिंगचं. दोन्हींचा अर्थ उलटा. सिलेक्टिव्हिटीत वरचा ब्रेकर उभा राहतो. बॅकअपमध्ये वरचा ब्रेकर खालच्याला तोडायला मदत करतो, म्हणजे बहुधा दोन्ही पडतात. मी पहिल्यांदा चुकीचं टेबल उघडून दोन दिवस खूश होतो. मथळा दोनदा वाचा.

सिलेक्टिव्हिटी टेबलात 'टी' असेल तर पूर्ण सिलेक्टिव्हिटी. आकडा असेल तर तेवढ्या किलोअँपिअरपर्यंतच. आकडा दिसला म्हणून निराश होऊ नका. मर्यादा ४ ची असेल आणि मशीनपाशी फॉल्ट ३ चाच असेल, तर त्या मशीनपुरतं तुमचं काम झालं.

टेबल त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या जोडीलाच लागू असतं. वर एका कंपनीचा आणि खाली दुसऱ्या कंपनीचा ब्रेकर लावला की उरतो फक्त कर्व्हचा आधार, आणि तो ऊर्जेच्या पट्ट्यात अपुरा असतो. नवीन पॅनेल घेताना निदान मेन पॅनेल ते डीबीपर्यंत एकच कंपनी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

६. शिडी खालून वर बांधा

खालच्या ब्रेकरपासून सुरुवात करा. वरून सुरुवात केली तर खाली जागाच उरत नाही.

आमची शिडी अशी झाली. सगळ्यांत खाली सी ३२ एमसीबी. वर २५० चा इलेक्ट्रॉनिक एमसीसीबी, ओव्हरलोड ०.८ वर म्हणजे २०० अँपिअर, शॉर्ट टाइम त्याच्या ८ पट म्हणजे १,६०० अँपिअर. सगळ्यांत मोठा फीडर ४०० चा, त्याचं शॉर्ट टाइम २,४०० अँपिअरला, वेळ ०.१ सेकंद. एसीबी ०.८ वर म्हणजे ८०० अँपिअर, शॉर्ट टाइम ५ पट म्हणजे ४,००० अँपिअर, वेळ ०.३ सेकंद. तात्काळ ट्रिप, म्हणजे आय, बंद. बंद करता आलं कारण एसीबीची सोसण्याची ताकद ५० आणि आमचा फॉल्ट १६.८.

माझा ठोकताळा: ओव्हरलोडमध्ये वरचा खालच्याच्या किमान १.६ पट, शॉर्ट टाइममध्ये किमान दीडपट, आणि वेळेत किमान ०.१ सेकंदाचं अंतर.

शेडमधली सगळ्यांत नेहमीची चूक इथेच होते. नवा एसीबी खोक्यातून येतो तेव्हा बऱ्याचदा डायल किमान जागेवर असतात. पॅनेल उभं राहतं, लाईट लागते, आणि डायल वर्षानुवर्षं तसेच राहतात. दीड लाखाचा कॅटेगरी बी ब्रेकर आय खाली ठेवल्यामुळे कॅटेगरी ए सारखा वागत राहतो.

वेळ दिला म्हणजे कुणीतरी तो वेळ सोसतं, हेही बघायला हवं. ९५ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम एक्सएलपीई केबल घ्या. ९४ गुणिले ९५, म्हणजे साधारण ८.९ किलोअँपिअर ती १ सेकंद सोसते. ०.२ सेकंदासाठी हाच आकडा सुमारे २० किलोअँपिअर होतो. पॅनेलच्या बसबारची ताकद पॅनेलवाल्याकडून लेखी घ्या. आणि माणसाचंही बघा: मेन पॅनेलमध्ये आर्क झाला तर तो ०.३ सेकंद जास्त जळत राहतो. म्हणून मेनचा वेळ गरजेपेक्षा वाढवू नका. बजेट असेल तर झोन इंटरलॉकिंग असलेली युनिट घ्या. त्यात खालचा ब्रेकर वरच्याला तारेने 'मला दिसलंय, थांब' असं कळवतो. असा निरोप आला नाही तर वरचा लगेच तोडतो.

एक गोष्ट मात्र सोडून द्या. एकाच केबलच्या दोन टोकांना, मधे फाटा नसताना, दोन ब्रेकर असतील तर त्यांच्यात सिलेक्टिव्हिटी शोधू नका. कुठलाही पडला तरी बंद होणारा भाग तोच. आम्ही डीबीत वरच्या जागी आयसोलेटर (स्वतःहून न पडणारा, हाताने उघडायचा स्विच) लावला आणि शिडीची एक पायरी वाचवली.

७. अर्थ फॉल्ट: आमचा खरा गुन्हेगार

एवढं सगळं करूनही त्या रात्रीचं कोडं सुटत नव्हतं. मग एसीबीच्या ट्रिप युनिटवरचा इतिहास उघडला. दिवा 'जी' चा होता.

फेज बॉडीला टेकला म्हणजे करंट अर्थच्या वाटेने परततो, आणि ती वाट केबलपेक्षा अरुंद असते. फर्नेसपाशी लूप इम्पिडन्स मोजला: ०.३५ ओहम. २४० व्होल्टला ६८५ अँपिअर. फीडरचा १२५ चा एमसीसीबी मॅग्नेटिकला पडतो १,२५० वर, म्हणजे ६८५ ला तो थर्मलवर काही सेकंद घेणार. आणि मेन एसीबीचं जी होतं किमान जागेवर: २०० अँपिअर, ०.१ सेकंद. त्याने वाट बघितलीच नाही. ब्रेकरला जे सांगितलं होतं तेच त्याने केलं.

उपाय असे. एसीबीचं जी उचलून वेळ ०.४ सेकंद केला. फर्नेसच्या फीडरवर सीबीसीटी (अर्थकडे जाणारी गळती मोजणारी सीटी) आणि अर्थ लीकेज रिले लावून शंट ट्रिप (रिलेच्या इशाऱ्यावर ब्रेकर पाडणारी कॉइल) जोडली, वेळ ०.१ सेकंद. जी पूर्ण बंद करायचा सल्लाही कुणीतरी दिला होता. तो ऐकू नका. अर्थ फॉल्ट न तुटता चालू राहिला तर बॉडीवर व्होल्टेज येतं आणि माणूस मशीनला हात लावून उभा असतो.

म्हणून सवय लावून घ्या: ब्रेकर पडला की रिसेट करण्याआधी दिवा बघा, फोटो काढा. रिसेट केलं की काही युनिटमधली खूण जाते, आणि मग राहतो फक्त वाद.

८. जे कर्व्हवर दिसत नाही

अंडरव्होल्टेज (यूव्ही) कॉइल, म्हणजे व्होल्टेज पडलं की ब्रेकर सोडणारी: मोठ्या शॉर्टमध्ये बसबारचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं. मेनला न थांबणारी यूव्ही कॉइल असेल तर खालचा ब्रेकर बरोबर तोडत असतानाच मेनही सुटतो. उशीर देणारं युनिट लावा. कॉन्टॅक्टर सुटून मशीन बंद पडणं हा याचाच धाकटा भाऊ. तिथे ब्रेकर बदलून उपयोग नाही.

डीजी: २५० केव्हीएचा डीजी फुल लोडला साधारण ३५० अँपिअर देतो, आणि टिकून राहणारा फॉल्ट करंट बऱ्याच सेटमध्ये त्याच्या तिप्पट, म्हणजे हजारच्या आसपास. ट्रान्सफॉर्मरवर जुळवलेली शिडी डीजीवर ढासळते. १२५ चा एमसीसीबी १,२५० ला पडणार असेल तर तो झटक्यात पडणारच नाही. डीजीवर चालणाऱ्या फीडरची मॅग्नेटिक सेटिंग खाली आणा, मोटर सुरू होताना पडत नाही एवढं बघून.

९. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी थोडं

फ्लॅटमधल्या गीझरची एमसीबी आणि खाली मीटर रूममधली ४० ची एमसीबी एकदम पडतात, आणि रात्री जिने उतरावे लागतात. एमसीबीच्या वर एमसीबी असेल तर शॉर्टमध्ये हे बहुधा होणारच. दोघींची मॅग्नेटिक पट्टी जवळजवळ असते. मीटर रूममध्ये टेबल बघून जुळणारा एमसीसीबी किंवा एचआरसी (मोठा फॉल्ट तोडू शकणारा) फ्यूज असेल तर फरक पडतो, पण तो निर्णय सोसायटीच्या परवानाधारक ठेकेदाराने घ्यायचा.

आरसीसीबीचं, म्हणजे गळती करंटला पडणाऱ्या ब्रेकरचं, सोपं आहे. फ्लॅटमध्ये ३० मिलिअँपिअर आणि मीटर रूममध्येही ३० मिलिअँपिअर असेल तर कुठला पडेल याचा भरवसा नाही. मीटर रूममधला किमान तिप्पट आणि एस प्रकारचा हवा, म्हणजे १०० किंवा ३०० मिलिअँपिअर, उशिरा पडणारा. फ्लॅटमधला ३० चा मात्र काढू नका, माणसाला वाचवणारा तोच.

१०. तपासा, लिहा, चिकटवा

सेटिंग झाल्यावर सेकंडरी इंजेक्शन टेस्ट करून घ्या. ट्रिप युनिटला बनावट करंट देऊन ते खरोखर ठरलेल्या वेळी पडतं का, ते त्यात कळतं. आमच्या एका जुन्या युनिटचा ०.१ सेकंदाचा डायल नुसताच फिरत होता, आत काहीच बदलत नव्हतं.

मग एका कागदावर प्रत्येक ब्रेकरचं नाव, कॅटेगरी, आयसीयू, आयसीडब्ल्यू, चारही सेटिंग, तारीख आणि सही लिहा. लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. खाली एक ओळ मोठ्या अक्षरात: 'ब्रेकर बदलल्यास मॉडेल क्रमांक तोच आहे का पाहा'. रात्री दोन वाजता स्टोअरमधून जो मिळेल तो ब्रेकर बसवला जातो, अँपिअर जुळतात, आणि टेबलातली जोडी मोडते. आमच्या शेडमध्ये आता बदललेल्या ब्रेकरवर लाल टेप लावतात, आणि येत्या गुरुवारी ती टेप का आहे हे मला विचारलं जातं.